जुन्या वाहनांतील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

वाहनाच्या टाकीतील इंधन एंजिनापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेत अधूनमधून उद्‌भवणारा आणि पुष्कळदा आपोआप नाहीसा होणारा अडथळा ओळखून त्याचे मूळ शोधण्याच्या पद्धतशीर क्रियेला इंधनपुरवठ्याचे दोषनिदान म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल मोटारगाड्या, यांत्रिक अंतःक्षेपण पंप असलेल्या डीझेल जीपगाड्या, मालमोटारी व बसगाड्या आणि याच प्रकारच्या डीझेल एंजिनांवर चालणाऱ्या मच्छीमारी नौका यांच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. कायमचा बिघाड शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो तपासणीच्या वेळी समोर असतो. खंडित दोष मात्र रस्त्यावर किंवा समुद्रात प्रकट होतो व कार्यशाळेत लोपतो. त्यामुळे पंप, कार्ब्युरेटर, प्रज्वलन वेटोळे यांसारखे निर्दोष भाग एकामागून एक बदलले जातात, खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. चढणीच्या घाटात किंवा खडकाळ किनाऱ्याजवळ एंजिन बंद पडले, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः मालवण परिसरात, या दोषांना अनुकूल अशी जवळजवळ सर्व कारणे एकत्र आढळतात. खारी व दमट हवा, जोराचा पाऊस, जांभ्याची बारीक तांबडी माती, आंबोली, फोंडा, करूळ यांसारखे लांब चढणीचे घाट आणि पावसाळ्यात सु. दोन महिने बंद राहणाऱ्या नौका ही त्यांपैकी प्रमुख होत. येथे एकच कारागीर सकाळी जीपगाडी व संध्याकाळी ट्रॉलरचे एंजिन दुरुस्त करताना दिसतो. दोहोंमागील तत्त्वे एकच असल्याने ते शक्य होते.

यंत्रणेची रचना : पेट्रोल मोटारगाडीत टाकी बहुधा मागील बाजूस व एंजिन पुढे असते. टाकीतील शोषण नळीच्या तोंडाशी जाळी असते. तेथून धातूची नळी सांगाड्याच्या कडेने पुढे येते व गाळणीतून एंजिनाला जोडलेल्या पटल-पंपाकडे जाते. हा पंप कॅमदंडावरील उत्केंद्री भागाने हलणाऱ्या तरफेमुळे चालतो व पेट्रोल सु. ०·२ ते ०·३५ किग्रॅ./चौ. सेंमी. इतक्या अल्प दाबाने कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कार्ब्युरेटरच्या प्लवक-कोठीत तरंगता प्लवक व सूचि-झडप यांच्या योगाने पेट्रोलाची पातळी स्थिर राखली जाते आणि तेथून ते सूक्ष्म छिद्रांतून हवेच्या प्रवाहात फवारले जाते. फवारा-कार्ब्युरेटरची ही कल्पना व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. भारतात अँबॅसडर (उत्पादन २०१४ पर्यंत) व प्रीमियर पद्मिनी (उत्पादन सु. २००० पर्यंत) या गाड्यांमुळे ती घरोघरी पोहोचली. स्कूटर, मोटारसायकल यांसारख्या वाहनांत टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असल्याने इंधन गुरुत्वाने खाली येते व पंपाची गरज नसते.

डीझेल एंजिनात भरण पंप टाकीतून तेल शोषून एक वा दोन गाळण्यांतून अंतःक्षेपण पंपाकडे पाठवितो. अंतःक्षेपण पंप ते अत्यंत उच्च दाबाने, मोजून व नेमक्या क्षणी प्रत्येक सिलिंडरच्या अंतःक्षेपकाकडे देतो. जुन्या एंजिनांतील अंतःक्षेपक सामान्यतः १०० ते २५० किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाला उघडतात. उरलेले तेल परतीच्या नळीने टाकीत जाते. बॉश कंपनीने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. भारतात ते बंगलोर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे (मायको) सुलभ झाले आणि जुन्या कारागिरांच्या बोलण्यात ‘मायको पंप’ हा शब्द रूढ झाला.

या रचनेचे दोन भाग पाडून पाहिले म्हणजे निदान सोपे होते. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग शोषणाचा व पंपापासून पुढचा भाग दाबाचा होय. दाबाच्या भागात चीर पडली, तर इंधन बाहेर येते व दोष डोळ्यांना किंवा नाकाला कळतो. शोषणाच्या भागातील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी असल्याने तेथील चिरेतून इंधन बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते, गळती नाही असा समज होतो आणि एंजिन मात्र अडखळते. खंडित दोषांपैकी पुष्कळ या कोरड्या दिसणाऱ्या भागात दडलेले असतात.

दोष खंडित का असतो : इंधनाची मागणी एंजिनावरील भारानुसार बदलते. एखादी लहान गाडी ताशी ६० किमी. वेगाने जाताना लिटरला १२ किमी. अंतर कापत असेल, तर तिला तासाला ५ लि., म्हणजे मिनिटाला सु. ८३ मिलि. पेट्रोल लागते. तीच गाडी जागेवर मंद गतीने चालू असता तासाला सु. १ लि., म्हणजे मिनिटाला १७ मिलि. पुरते. गाळणी चोंदल्याने पुरवठा मिनिटाला ५० मिलि.वर आला असेल, तर कार्यशाळेत उभी असलेली गाडी दिवसभर उत्तम चालेल. रस्त्यावर मात्र मिनिटाला ३३ मिलि. तूट पडेल. प्लवक-कोठीत सु. ५० मिलि. पेट्रोल साठलेले असल्यास ती तूट दीड मिनिट भरून निघेल व त्यानंतर एंजिन अडखळू लागेल. चालकाने वेग कमी करताच कोठी पुन्हा भरते व गाडी पूर्ववत होते. म्हणून कारण व परिणाम यांत काही काळाचे अंतर पडते आणि गाडी बिघडते त्या ठिकाणी दोष शोधणारा चकतो.

नौकेच्या बाबतीत हे प्रमाण अधिक ठळक असते. सु. १०० अश्वशक्तीच्या डीझेल एंजिनाला पूर्ण भारावर तासाला सु. २० लि. तेल लागते, तर धक्क्याशी मंद गतीने चालताना त्याचा दहावा हिस्साही पुरतो. धक्क्याला बांधून घेतलेली चाचणी म्हणूनच समाधानकारक भासते. शिवाय धक्क्याशी नौका स्थिर असते. खाडीच्या मुखाशी लाटांवर ती डोलू लागली म्हणजे टाकीच्या तळाशी शांत बसलेले पाणी व गाळ घुसळून निघतो व शोषण नळीच्या तोंडाशी येतो. म्हणजे जेथे एंजिनाची गरज सर्वांत जास्त, नेमके तेथेच ते बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तांडेलाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथेच आहे.

दोषाचा काळ व प्रसंग : दोष केव्हा येतो व कशाने जातो, याची नोंद हे निदानाचे पहिले साधन होय.

(१) काही किमी. चालल्यावर एंजिन थांबते व दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू होते : याची मुख्य कारणे चार. टाकीच्या झाकणातील श्वसनछिद्र बुजले असल्यास इंधन कमी होईल तसा टाकीत निर्वात निर्माण होतो व पंप हरतो. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर हेच कारण. टाकीतील गंजाचा पापुद्रा किंवा कचरा शोषण नळीच्या तोंडाला चिकटत असल्यास एंजिन थांबताच ओढ नाहीशी होऊन तो खाली पडतो. अशा वेळी झाकण उघडून फरक पडत नाही, परंतु नळीतून टाकीकडे उलट हवा फुंकल्यावर गाडी काही दिवस नीट चालते. तिसरे कारण बाष्परोध व चौथे तापल्यावर निकामी होणारे प्रज्वलन वेटोळे. चौथे कारण इंधनपुरवठ्याचे नाही, परंतु त्याची लक्षणे इतकी सारखी असतात की, ते वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

(२) केवळ चढावर किंवा वेगात शक्ती कमी पडते : अंशतः चोंदलेली गाळणी, दबलेली नळी, पंपाची सैल झालेली स्प्रिंग किंवा झिजलेली तरफ.

(३) टाकी अर्धी रिकामी झाल्यावरच दोष येतो : टाकीच्या आतील शोषण नळीला मध्यावर गंजाने छिद्र पडलेले असते. इंधनाची पातळी छिद्राच्या वर असेपर्यंत सर्व ठीक चालते, ती खाली जाताच पंप हवा ओढू लागतो. इंधन भरताच गाडी सुधारत असल्याने चालक पंपावरील इंधनाला दोष देतो किंवा त्याची स्तुती करतो.

(४) रात्रभर उभी राहिल्यावर डीझेल एंजिन सकाळी चालू होऊन लगेच थांबते : शोषणमार्गातील सूक्ष्म गळतीमुळे किंवा भरण पंपाच्या झडपेमुळे तेल टाकीकडे ओसरते व त्याची जागा हवा घेते. हातपंपाने हवा काढली की एंजिन सुरळीत चालते, पण दुसऱ्या सकाळी तीच स्थिती होते. वारंवार हवा काढावी लागणे हा उपाय नसून ते लक्षण आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

(५) खडबडीत रस्त्यानंतर किंवा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत दोष येतो : तळचा गाळ किंवा पाणी.

इंधनाची तूट व प्रज्वलनातील दोष यांत सामान्यतः पुढील भेद आढळतो. इंधन कमी पडताना एंजिन हळूहळू दुबळे होते, हिसके देते व चोक ओढल्यास क्षणभर सावरते. विद्युत् प्रवाह तुटल्यास ते बहुधा एकदम बंद होते. गाडी थांबल्याबरोबर, ती सावरण्यापूर्वी, ठिणगी आहे की नाही हे पाहणे म्हणून आवश्यक आहे. डीझेल एंजिनात धुराचा उपयोग होतो. शक्ती कमी पडून काळा धूर येत असेल, तर हवेची गाळणी चोंदणे किंवा अंतःक्षेपक बिघडणे संभवते. शक्ती कमी पडूनही धूर नसेल, तर इंधनाची तूट असण्याचा संभव अधिक असतो.

बाष्परोध : पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक सु. ३५° से. पासून उकळू लागतात. नळीत किंवा पंपात त्याची वाफ झाली, तर पंप द्रवाऐवजी वाफच दाबत व प्रसरण पाववीत राहतो व पुरवठा थांबतो. शोषणाच्या बाजूस दाब कमी असल्याने हे तेथे लवकर घडते. एप्रिल-मे महिन्यांत सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढणाऱ्या जुन्या गाडीत सर्व प्रतिकूल गोष्टी जुळून येतात. मंद वेगामुळे एंजिनाभोवती वारा कमी व भार जास्त असतो आणि सु. ७०० मी. उंचीवर वातावरणीय दाबही किनाऱ्यापेक्षा सु. ८ टक्के कमी असतो. चढून गेल्यावर गाडी उभी केली, तर पंख्याचा वारा थांबून पंप अधिकच तापतो. पंप व एंजिन यांमधील उष्णतारोधक जाड तुकडा आधीच्या दुरुस्तीत बसवायचा राहून गेला असल्यास हा दोष हटकून येतो. पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी चालू झाली, तर बाष्परोधाची शंका दृढ होते. गाडी थंड हवेतही तशीच थांबत असेल, तर कारण दुसरे शोधावे.

किनाऱ्यावरील हवा, पाणी व गंज : अर्धवट भरलेली टाकी दिवसा तापून हवा बाहेर टाकते व रात्री निवताना बाहेरची दमट हवा आत घेते. त्या हवेतील बाष्प टाकीच्या थंड भिंतींवर जमते व पाणी तळाशी साठते, कारण पेट्रोलाची घनता सु. ०·७४ व डीझेल तेलाची सु. ०·८३ असून दोन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत. हे पाणी टाकी आतून गंजविते. बाहेरून खारी हवा व चिकटून राहिलेला ओला चिखल नळ्यांना खातो. ज्या ठिकाणी नळी सांगाड्याला पकडीने आवळलेली असते, तेथे चिखल साचून राहत असल्याने सुईच्या अग्राएवढी छिद्रे प्रथम पकडीखाली पडतात. तेव्हा पकड सैल करून खालचा भाग पाहिल्याशिवाय नळी चांगली आहे असे समजू नये. रबरी सांध्यांच्या नळ्या वरून अखंड दिसल्या, तरी आतून सुटलेला थर झडपेसारखा आडवा येऊ शकतो.

डीझेल तेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन काळपट बुळबुळीत साका तयार होतो व तो गाळणी थोड्याच काळात चोंदवितो. नवीन गाळणी बसविल्यावर काही तासांतच ती पुन्हा चोंदली, तर गाळणीला दोष न देता टाकी रिकामी करून धुवावी. पावसाळी बंदीपूर्वी नौकेची टाकी काठोकाठ भरून ठेवणे, अथवा पूर्ण रिकामी व कोरडी करणे हे दोनच मार्ग इष्ट होत. अर्धी टाकी ठेवणे सर्वांत हानिकारक असते. हंगामाच्या प्रारंभी टाकीच्या तळाच्या तोटीतून पाणी निघेनासे होईपर्यंत तेल काढावे. पिंपांतून तेल भरताना ते काही वेळ स्थिर ठेवून व तळचा भाग टाळून गाळून घ्यावे.

बदललेली इंधने : जुन्या वाहनांची रचना ज्या इंधनांसाठी झाली, ती आज मिळत नाहीत. शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री भारतात २००० मध्ये बंद झाली. पेट्रोलातील इथेनॉलाचे सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत पोहोचले व २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभर प्रचारात आले. इथेनॉलामुळे जुन्या प्रकारचे रबर, पंपाचे पटल व काही प्लवक फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. तसेच टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सुटून गाळणीत येतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते, पण मर्यादा ओलांडल्यावर पाणी व इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात व तो थर कार्ब्युरेटरमध्ये आल्यास एंजिन चालत नाही. दमट किनाऱ्यावर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक असतो. इथेनॉल-मिश्रणाला योग्य अशा रबराच्या नळ्या व पटले बसविणे हा त्यावरील मूलभूत उपाय होय. डीझेल तेलातील गंधकाचे प्रमाणही १ एप्रिल २०२० पासून दशलक्षांश १० भागांपर्यंत उतरले आहे.

निदानाचा क्रम : सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्या आधी व सुटे भाग बदलणे सर्वांत शेवटी, हा नियम पाळावा. (अ) दोषाची वेळ, इंधनाची पातळी, चढ, उष्णता व थांबण्याची रीत यांची नोंद करावी. (आ) दोष येताच टाकीचे झाकण उघडून पाहावे व ठिणगी तपासावी. (इ) टाकीच्या तळचे इंधन काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवावे. पाण्याचा थर, गंज व साका त्यात स्पष्ट दिसतो. (ई) गाळणी उघडून किंवा कापून आतील मळ पाहावा. तांबडी पूड गंज सुचविते, काळा साका जंतुवाढ सुचवितो. (उ) पंपाच्या शोषण बाजूस पारदर्शक नळीचा लहान तुकडा बसवावा. एंजिन चालू असता त्यातून सतत बुडबुडे जात असल्यास हवा शिरत आहे, हे निश्चित होते. (ऊ) पंपाकडून येणारे इंधन मापात धरून मिनिटाला किती मिलि. येते ते मोजावे व वर सांगितलेल्या मागणीशी ताडून पाहावे.

निर्णायक चाचणी स्वतंत्र डब्याची असते. स्वच्छ इंधनाचा पक्का बंद डबा घेऊन त्यातून नव्या नळीने थेट पंपाला इंधन द्यावे व दोष ज्या स्थितीत येतो, तीच स्थिती निर्माण करावी. दोष नाहीसा झाला, तर तो टाकी, शोषण नळी किंवा मार्गातील गाळणीत आहे. दोष तसाच राहिला, तर तो पंपात किंवा त्याच्या पुढे आहे. अशा रीतीने एका चाचणीने अर्धी यंत्रणा निर्दोष ठरते. उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग पाडून हीच रीत चालवावी. प्रत्येक वेळी एकच बदल करावा. एकाच वेळी गाळणी, नळी व पंप बदलल्यास दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही व तो परत आल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते.

पेट्रोल पंपाचे पटल फाटल्यास पेट्रोल एंजिनाच्या वंगण तेलात मिसळते. तेलाची पातळी वाढलेली व त्याला पेट्रोलाचा वास येत असेल, तर एंजिन चालवू नये. पातळ झालेल्या तेलाने धारवे झिजतात व बाष्प पेटण्याचाही धोका असतो.

सुरक्षितता : पेट्रोलाचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने ते खड्ड्यात व नौकेच्या तळाशी साठते. तपासणी उघड्या हवेत करावी, विजेरी वापरावी व जवळ अग्निशामक ठेवावा. तोंडाने पेट्रोल ओढणे, एंजिनाच्या झाकणावर उघडी बाटली टांगून गाडी चालविणे आणि न धुतलेल्या टाकीला डाख देणे या प्रचलित रीती प्राणघातक ठरू शकतात. चालू डीझेल एंजिनाच्या अंतःक्षेपकातून निघणारी धार त्वचा भेदून आत जाते, म्हणून तेथे हात धरू नये. नौकेवर जादा गाळण्या, हवा काढण्याची अवजारे व पारदर्शक नळीचा तुकडा असावा. खडकांच्या जवळ एंजिन थांबल्यास आधी नांगर टाकावा व मगच एंजिनाकडे वळावे. शक्य तेथे दोन गाळण्या जोडून मधल्या तोटीने एकीवरून दुसरीवर जाण्याची सोय केल्यास एंजिन न थांबविता चोंदलेली गाळणी बदलता येते.

जुनी यंत्रणा उघडी, साधी व हाताने तपासता येण्याजोगी असते. तिच्यातील खंडित दोषाला निश्चित कारण असते व ते कारण ठरावीक परिस्थितीतच प्रकट होते. ती परिस्थिती ओळखणे हे निदानाचे निम्म्याहून अधिक काम होय.